सतरा नंबरचा पत्रा

फॉल्स सीलिंगचा धंदा म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची. वर काय सडलंय, काय गळतंय, ते खाली बसणाऱ्याला दिसू नाय म्हणून लोक मला बोलवतात. मी लोखंडी चॅनल ठोकतो, जिप्समचे पांढरेफेक बोर्ड लावतो, कडेनं चार लाइटी सोडतो, की पाव्हणा वर बघून म्हणतो, वा, काय घर हाय! पंधरा वर्षं झाली मला ह्या धंद्यात. मुकुंदवाडीत राहतो. नाव साहेबराव. बापानं नाव मोठं ठेवलं, पण साहेब म्हणून अजून कुणी हाक मारली नाय.

बापाचं नाव सखाराम. त्याला मात्र गावानं वरून आणखी एक नाव दिलं, पत्रेचोर.

त्याची गोष्ट आधी सांगतो, नायतर पुढचं कळायचं नाय. सत्त्याऐंशीच्या दुष्काळात सिल्लोडकडच्या आमच्या काटेपिंपरीला पाण्याची लोखंडी टाकी मंजूर झाली. टाकीचे बावीस पत्रे ट्रकनं आले, शाळेच्या भिंतीला रचले, आन रातच्या राखणीला माझा बाप नेमला. एका सकाळी पत्रे गायब. खात्याचा तरणा इंजिनेर जीपमधून आला. चावडीसमोर, सगळ्या गावादेखत, त्यानं बापाला एकच सवाल केला. बाबासाहेबांची शपथ घेऊन सांग सखाराम, ह्यातला एक तरी पत्रा तू उचलला का नाही?

बापानं मान खाली घातली.

मी नऊ वर्षांचा, तिथंच उभा. साहेबानं मोठ्या मनानं पोलिसात दिलं नाय, निस्ता कामावरून काढला. गावानं तेवढं मोठं मन दावलं नाय. बाया डोक्यावर रिकाम्या घागरी घेऊन आमच्या दारावरून जायच्या आन मायला ऐकू जाईल असं बोलायच्या. दोन महिन्यांत आम्ही चंबूगबाळं उचललं आन मुकुंदवाडीत आलो. त्याला एकोणतीस वर्षं झाली. बाप गावात पाऊल टाकत नाय. सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला गेला नाय, भावाच्या मातीला गेला नाय. आता अठ्ठ्याहत्तर वय. मागं तापात पडला तवा बरळत व्हता, एकदा मान वर करून गावात जायचंय रे. ताप उतरला, आन गडी पुन्हा मुका.

मी त्याला शंभरदा इचारलं असंल, तू बोलला का नाय? तो उठून जायचा. लईच डोकं खाल्लं तर डांबराचा डबा घेऊन न्हाणीघराच्या छपरावर चढायचा. ते काम त्याचं एकट्याचं, दुसऱ्या कुणाला वर चढू देत नसे. मला राग यायचा. चोरी केली असंल तर केली म्हण, नसंल केली तर भांड. हे मधलं काय?

तर दोन हजार सोळाचा उन्हाळा. औरंगाबादला नळ आठव्या दिवशी, तो बी पाऊण तास. अशात पुंडलिकनगरातून एका निवृत्त साहेबांचा फोन आला, हेमचंद्र त्यांचं नाव. रविवारी घरीच मोठा कार्यक्रम हाय, त्याच्या आत हॉलला फॉल्स सीलिंग पायजे. मी आन माझा जोडीदार सांडू बुधवारी सकाळी गेलो.

साहेब पाणीवाल्या खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून उतरलेले. दुष्काळावर बोलतात, वर्तमानपत्रात लिहितात, शाळाशाळांतून पोरांना थेंबाचं मोल सांगत हिंडतात. कॉलनीतल्या ज्येष्ठ मंडळींनी त्यांना 'जलमहर्षी' म्हणायचं ठरवलं व्हतं. रविवारी शाल, श्रीफळ, मानपत्र, आन दुष्काळाच्या आठवणींचं पुस्तक निघणार व्हतं. महर्षींच्या गच्चीवर हजार हजार लिटरच्या तीन काळ्या टाक्या, अंगणात जमिनीखाली चौथी, आन गेटवर पाटी, पाणी वाचवा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ह्यांचा पाषाण तर चारी बाजूंनी वला व्हता.

आम्ही पाणी मागितलं तर वैदेहीबाईंनी, म्हणजे साहेबांच्या मंडळींनी, कागदी कपातून दिलं. म्हणल्या, टंचाई आहे ना, भांडी घासायला पाणी नाही. मी म्हणलं, बरोबर हाय. तेवढ्यात एसी बघायला मंदार नावाचा पोरगा आला. त्याला स्टीलच्या तांब्याभांड्यात पाणी आलं. टंचाई माणूस बघून येते, हे मला त्या दिवशी नव्यानं काय कळलं नाय, पण सांडू माझ्याकडं बघून गालात हसला.

बोर्डाचे सांधे भरायच्या मसाल्याला पाणी लागतं. साहेबांनी त्याची सोय आधीच केली व्हती. प्यायचं पाणी गाळायच्या मशिनमधून जे खारट पाणी बाजूला पडतं, ते बादलीत जमवलेलं. बादलीला आतून पेनानं रेघ मारून म्हणले, रोज इथपर्यंतच. मी सांगितलं, साहेब, खाऱ्या पाण्यानं मसाला लवकर आवळतो, पुढं सांधे फाटतात. ते म्हणले, "मला पाणी शिकवतोस?" महर्षीला पाणी कोण शिकवणार?

मग मी लाकडी घोडी लावून वर चढलो आन हातोडीच्या दांड्यानं छत ठोकून बघितलं. अठरा बाय एकवीसचा हॉल, आन कुठंबी ठोका, बद्द बद्द आवाज. गिलावा सगळा स्लॅब सोडून निस्ता लोंबत व्हता. मी म्हणलं, हे पयलं पाडावं लागंल. असाच ठेवून वरून बोर्ड मारले तर एखाद्या दिवशी गिलावा बोर्डासकट पाव्हण्यांच्या टाळक्यात येईल.

साहेबांचा चेहराच पालटला. जुन्या गिलाव्याला हात लावायचा नाही, म्हणले. हे घर मी स्वतः उभं राहून बांधून घेतलंय, तेव्हा इथं नुसती शेतं होती. गिलाव्याला भोक पाडून चॅनल ठोका, बोर्ड मारा, विषय संपला. आन हां, हॉलच्या मधोमध उघडझाप होणारी एक झडप ठेवा. इंजिनिअरच्या घराला इन्स्पेक्शनची सोय हवीच. मला नवल वाटलं. छतातलं काय बघू द्यायचं नाय आन बघायला झडप मात्र पायजे. पण मोठ्या माणसांचं असंच असतं, सवय सुटत नाय.

गुरुवारी दुपारी साहेब फार खुशीत व्हते. पुस्तकाची पयली प्रत घरी आली व्हती. आम्ही भिंतीला कडेच्या लोखंडी पट्ट्या ठोकत व्हतो, आन ते खुर्चीत बसून आम्हालाच वाचून दावायला लागले. दुसरं कुणी घरात नव्हतं, आन ऐकणारा पळून जाऊ शकत नाय अशी जागा म्हणजे घोडी. मी आपला व्हय व्हय करत खिळे मारत व्हतो. मग त्यांनी एक प्रकरण काढलं. नाव, 'क्षमा'.

सिल्लोड तालुक्यातलं काटेपिंपरी नावाचं तहानलेलं गाव. तिथल्या टाकीचे पत्रे एका चौकीदारानंच विकून खाल्ले. चौकीदार गरीब, मागास, शिक्षण नाही, त्याचा तरी काय दोष? मी त्याला सगळ्या गावापुढं विचारलं, त्याची मान खाली गेली, आणि त्या क्षणी माझ्या मनात करुणा दाटून आली. मी त्याला पोलिसात दिलं नाही. माफ केलं.

साहेबांनी पुस्तक मिटलं. त्यांनी चष्मा पुसला आन मला इचारलं, "कसं वाटलं?"

माझ्या तोंडात चार खिळे व्हते. ते तिथं व्हते म्हणून बरं. हाच तो जीपमधला इंजिनेर. केस गेले, पोट आलं, म्हणून वळखला नव्हता. हातात हातोडी, आन खाली त्याचं चकाकतं टक्कल, एकदम बेताच्या अंतरावर. सांडूला माझी सगळी गोष्ट ठाऊक व्हती, त्यानं माझा पाय घोडीला घट्ट धरून ठेवला. मी खिळे काढले आन म्हणलं, लई भारी, साहेब. दुसरं काय म्हणणार? पुस्तकात छापलेल्या चोराचा पोरगा मी. बापाची मान त्यानं आता जाड पुठ्ठ्यात बांधली व्हती, रविवारी ती पन्नास लोकांना वाटायची व्हती.

त्या रात्री मला जेवण गेलं नाय. बापाला काय सांगितलं नाय.

शुक्रवारी साहेब आन बाई धुळीचा त्रास नको म्हणून लेकीकडं सिडकोत गेले. आम्ही छताला भोकं पाडायला घेतली. पयल्याच भोकाला मशीन लावलं आन दोन हात लांबीचा गिलाव्याचा पापुद्रा सांडूच्या पायाशी धाडकन पडला. दुसऱ्या भोकाला छताचा तिसरा हिस्सा खाली आला. आता हे वर ठेवणं म्हणजे खूनच. मी म्हणलं, सांडू, साहेब गेला उडत, सगळं पाड.

पाडायला काय कष्टच नाय पडले. सब्बलीचं टोक घातलं की भाकरीवानी सुटून येत व्हतं. त्याचं कारण वर दिसत व्हतं. स्लॅब लाकडी फळ्यांवर नाय, सपाट लोखंडी पत्र्यांवर वतलेला, मागनं पत्रे काढून घेतलेले, खाली सिमेंट काचेवानी गुळगुळीत. असल्या गुळगुळीत छताला आधी छिन्नीनं टाचे मारावे लागतात, तवा गिलावा धरतो. इथं एक टाचा नव्हता. इंजिनेरानं स्वतः उभं राहून करून घेतलेलं काम.

आन त्या गुळगुळीत सिमेंटात अक्षरं उमटलेली व्हती.

पत्र्यावर वेल्डिंगनं उठवलेली अक्षरं सिमेंटात खोल रुतलेली, उलटी. वाचायला येईना. सांडूनं बेसिनवरचा आरसा काढून आणला आन खाली धरला. मी आरशात बघितलं. मौजे काटेपिंपरी. पाणी टाकी. त्याच्या शेजारी आकडा, चार. पुढच्या चौकोनात पुन्हा मौजे काटेपिंपरी, आकडा नऊ. त्याच्या पुढं बारा. चोरी होऊ नाय म्हणून सरकारनं पत्र्यापत्र्यावर गावाचं नाव आन नंबर घातला व्हता. गावाची टाकी साहेबाच्या छताचा साचा झाली व्हती. माझी माय ज्या सालात दोन कोसावरून पाणी आणत व्हती, त्याच सालात हा स्लॅब भिजत व्हता.

मी घोडीवरच बसलो. मग मोटारसायकल काढली आन मुकुंदवाडीला जाऊन बापाला घेऊन आलो. वाटेत सांगितलं सगळं. ऐकता ऐकता माझ्या खांद्यावरची त्याची बोटं आवळली.

म्हातारा हॉलमधी आला, वर बघितलं, आन म्हणला, मला चढव. आम्ही दोघांनी धरून चढवला. त्याला अक्षर येत नाय, आकडे येतात. राखणीच्या रातीला अंधारात हात फिरवून एकेक पत्रा मोजायचा, तशीच त्यानं आता बोटं फिरवली. घोडी सरकवत सरकवत आम्ही त्याला सगळ्या हॉलभर फिरवला. तीनच्या सात रांगा. एकवीस.

मी म्हणलं, बाबा, एक कमी हाय. सतरा नंबर कुठं दिसत नाय. तुकडा कापला असंल.

बाप खाली उतरला. त्यानं खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं. मग म्हणला, "सतरा इथं कसा असंल? सतरा आपल्या न्हाणीघरावर हाय."

मला वाटलं म्हातारा चळला.

तो खाली राडारोड्यावर बसून बोलायला लागला. एकोणतीस वर्षांचं एका दमात. तुझी बहीण आठ दिवसांची व्हती. झोपडीच्या तुराट्यांतून ऊन सरळ तिच्या तोंडावर यायचं. म्हणलं, एक नेतो, टाकीचं काम निघालं की परत ठेवतो. दोन दिवसांनी साहेब म्हणले, सखाराम, घरी बाळंतीण हाय, आज राखणीला नको, मी दुसरा माणूस बघतो. मी म्हणलं, काय देवमाणूस! सकाळी येऊन बघतो तर जागा मोकळी. "आन मंग त्यानं तसं इचारलं. एक तरी उचलला का. बाबासाहेबांची शपथ घालून. आता खोटं बोलू व्हय?" गाव सोडताना तो पत्रा सामानाखाली घालून आणला, अक्षरांवर डांबर फासलं, आन परत कुणाला द्यायचा ते कळंना.

तवा माझ्या टाळक्यात उजेड पडला. सगळे पत्रे तू नेले का, असं त्यानं इचारलंच नव्हतं. त्यानं रातीतून ट्रक भरताना मोजले असतील, एक कमी निघाला असंल, आन तो कुणाच्या घरात हाय हे बी त्याला दिसलं असंल. म्हणून बरोबर तोच सवाल. खरं बोलणाऱ्या माणसाला त्यानं खरेपणातच अडकवला. एकवीस पचवणाऱ्यानं एकवाल्याला माफ केलं, आन वरून त्याच्यावर प्रकरण लिहिलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण ह्यानं बोंब सुद्धा शुद्ध मराठीत मारली व्हती.

मी बापावर वरडलो. खरं सांगतो, लई वरडलो. एका पत्र्यापायी बाविसाचं वझं वागवलं? तू तेव्हाच बोलला असता तर! तो म्हणला, मी एक नेला, म्हणून चोराला वाट दिसली, असं मला वाटायचं. मग माझं वरडणं आपोआप थांबलं, आन मला रडू आलं. सांडू आरसा परत टांगायला म्हणून बेसिनकडं गेला आन लवकर आलाच नाय.

मी म्हणलं, आता बोर्ड मारत नाय. रविवारी सगळ्यांना असंच दिसू दे. बापानं मान हलवली. घेतलेलं काम पुरं कर, म्हणला. झाक सगळं. तू कारागीर हाय, तुझ्या कामाला बट्टा नको. "रविवारी मी येतो. सरकारी माल परत करायचा राहिलाय."

मी झाकलं. चॅनल ठोकले, बोर्ड मारले, खाऱ्या पाण्यात मसाला कालवून सांधे भरले. साहेबांनी सांगितली व्हती तशी मधोमध झडप ठेवली. ती नेमकी चार नंबरच्या ठशाखाली आली, त्यात माझा काय दोष नाय, मधोमध म्हणजे मधोमधच. शनिवारी साहेब आले, वर बघितलं, खूश झाले. गिलावा सुटला व्हता तेवढा काढला, एवढंच मी सांगितलं. त्यांचं तोंड अर्धं मिनिट उतरलं, पण पांढऱ्या बोर्डाकडं बघून पुन्हा फुललं. झाकलं म्हणजे मिटलं, हा त्यांचा जुना हिशेब. जाताना म्हणले, रविवारी तुम्ही पण या, मागच्या बाजूला जेवण ठेवलंय.

रविवारी सकाळी बापानं न्हाणीघराचं छप्पर उतरवलं. माझी बायको करुणा बादली घेऊन आंघोळीला निघाली व्हती, ती आभाळाकडं बघत तशीच उभी. मी तिला सगळं सांगितलं. मग तिनंच रॉकेलचा बोळा घेतला आन डांबर घासायला बसली. थरावर थर. खालून अक्षरं वर आली, सरळ, आरशाची गरज नाय. मौजे काटेपिंपरी. पाणी टाकी. सतरा.

पत्रा लोडिंग रिक्षात घातला. बापानं इस्तरीचा पांढरा सदरा घातला आन पत्र्यापाशी बसला, मी मोटारसायकलवर मागं.

आम्ही पोचलो तवा हॉल भरला व्हता. कडेच्या लाइटी चालू, वर पांढरंशुभ्र, खाली पन्नास माणसं, कुणी कुणी वर बघून वा वा बी करत व्हतं. अध्यक्ष म्हणून तात्यासाहेब नावाचे निवृत्त तहसीलदार. शाल पडली, नारळ पडला, जलमहर्षी बोलायला उभे राहिले. आपण सचोटीनं कसं जगलो ते सांगायला लागले. म्हणले, सरकारी माल पावतीशिवाय द्यायचा नाही, पावतीशिवाय घ्यायचा नाही, हे तत्त्व मी अगदी खेड्यातल्या चौकीदारांना सुद्धा शिकवलं. पावतीशिवाय एक खिळा कधी घरी आणला नाही. टाळ्या झाल्या.

त्या टाळ्यांत मी आन सांडू पत्रा घेऊन आत आलो आन महर्षींच्या खुर्चीला टेकवून उभा केला. अक्षरं लोकांच्या बाजूला. मागून बाप आला. हात जोडले.

"साहेब, मी सखाराम. काटेपिंपरीचा पत्र्याचा चौकीदार. सतरा नंबर जमा करायला आणलाय. पावती द्या."

हॉलमधी कुणाला काय कळलं नाय. उलट लोकांना कौतुकच वाटलं. पुस्तकातला चोर पश्चात्ताप होऊन आला, अशी कुजबुज झाली. एका बाईंनी डोळे पुसले. साहेबांना मात्र सगळं कळलं. ते हसून म्हणले, अरे सखाराम, मी तुला केव्हाच माफ केलंय, बस, जेवून जा. बाप जागचा हलला नाय. पावती द्या, म्हणला. साहेब म्हणले, उद्या ये. बाप म्हणला, तुम्हीच शिकवलं व्हतं.

तवा मी कोपऱ्यातलं स्टूल घेतलं, हॉलच्या मधोमध ठेवलं, वर चढलो आन झडपेच्या कडीला बोट लावलं. पाव्हण्यांना वाटलं, सीलिंगवाला काय तरी नीट करतोय. मी खाली वाकून साहेबांना हळूच इचारलं, "इन्स्पेक्शन करायचं का, साहेब?"

साहेबांनी वर बघितलं. माझ्या बोटाकडं, मग झडपेकडं, मग पुन्हा खुर्चीला टेकलेल्या पत्र्याकडं. लेटरहेडचा कागद मागवला. त्यांच्या मनात काय चाललं व्हतं ते मला दिसत व्हतं. म्हातारा अडाणी हाय, कागद खिशात घालून निघून जाईल, आन कार्यक्रम पुढं चालू. बाप सांगत गेला आन ते लिहीत गेले. सांडू त्यांच्या खांद्यावरून वाचत उभा व्हता, एक अक्षर इकडचं तिकडं होऊ दिलं नाय. सही झाली, तारीख झाली. साहेबांचं अक्षर मोत्यावानी, त्यात खोट काढायला जागा नाय.

बापानं कागद घेतला, उलटासुलटा बघितला, आन दोन पावलं टाकून तात्यासाहेबांपुढं धरला. "मला वाचता येत नाय. काय लिवलंय, वाचून दावा."

साहेब पुढं झाले, पण तात्यासाहेबांच्या हातात माइक व्हताच. तहसीलदारी आवाज, कागद हातात आला की आपोआप मोठा होतो.

"मौजे काटेपिंपरी, तालुका सिल्लोड, येथील पाणी टाकीचे एकूण पत्रे बावीस. पैकी एकवीस पत्रे सन एकोणीसशे सत्त्याऐंशी सालीच मला मिळाले असून ते माझ्या घराच्या कामी आले. क्रमांक सतराचा एक पत्रा आज रोजी मिळाला. चौकीदार सखाराम यांच्याकडे आता काहीही येणे नाही."

शेवटच्या ओळीपर्यंत येता येता त्यांचा आवाज लहान झाला, पण माइकला काय त्याचं? वैदेहीबाईंच्या हातातला ट्रे तसाच राहिला. मागून कुणीतरी इचारलं, घराच्या कामी म्हणजे? घरात कुठं? मी झडपेवरचं बोट काढलं आन खाली उतरलो. उघडायची गरजच राहिली नव्हती. एकेक करून सगळे वर बघायला लागले व्हते, आन वर तर माझं काम, पांढरंशुभ्र, एक डाग नाय.

साहेब खुर्चीत बसले. शाल खांद्यावरून घसरली ती कुणी उचलली नाय.

बापानं कागदाची घडी केली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली, आन वरून दोनदा थोपटली. जेवायला आम्ही थांबलो नाय. बाहेर आल्यावर बाप मोटारसायकलवर माझ्या मागं बसला. मुकुंदवाडीचं रेल्वे फाटक लागलं. मग म्हणला, बुद्ध पौर्णिमेला गावाकडं जाऊ. कागद घेऊन जाऊ, चावडीवर शिकलेल्या पोराकडून वाचून घेऊ, मी मान वर करून ऐकतो. मी म्हणलं, जाऊ बाबा. मला पुढचा रस्ता नीट दिसत नव्हता, तरी गाडी चालवली.

घरी आलो तर करुणा दारात. न्हाणीघराला छप्पर नाय, उद्या सगळ्यांनी आंघोळ कुठं करायची, ते इचारायला उभी. मी म्हणलं, उद्या जाऊन नवा पत्रा आणतो.

बाप चपला काढता काढता थांबला. "पक्की पावती घे," म्हणला.